पहिलाच पीसी जोडलाय: पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच

कृष्णाकाठ (वाई)

नमस्कार. मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. आजवर लॅपटॉपवर रेटलं, पण दोन कॅमेऱ्यांचं फोर-के फुटेज टाइमलाइनवर टाकलं की तो गपगार पडतो. तुळशीच्या लग्नानंतर कामं सुरू होतील, त्याच्या आत धड मशीन हवं म्हणून सुटे पार्ट घेऊन स्वतः जोडलं.

पार्ट असे: रायझन ५ ९६००एक्स प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ ६००० च्या १६-१६ जीबीच्या दोन रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज देणारा डबा), टॉवर कूलर. बोर्ड पुण्याच्या एका दुकानातून आणला, बाकी ऑनलाइन.

बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, ग्राफिक्स कार्डाचाही. मॉनिटर मात्र ‘नो सिग्नल’ दाखवून झोपतो. बोर्डाच्या उजव्या कडेला चार बारीक दिवे आहेत, त्यातला सीपीयूचा (म्हणजे प्रोसेसरचा) लाल आणि डीरॅमचा (म्हणजे रॅमचा) पिवळा लागतो आणि लागलेलाच राहतो. कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवाही लागत नाही.

केबल काढून परत लावल्या, रॅम काढून परत दाबून बसवल्या. दुकानदार फोनवर म्हणतो, बोर्ड पाठवा, कंपनीकडे जाईल, पंधरा दिवस तरी धरा. घरी सगळे म्हणतायत की परतच करून टाक, तयार मशीन घे. पण मला हे मशीन समजून घ्यायचंय. नुसतं चालू करून हवंय असं नाही.

अजून एक. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला बोट लागलं की झिणझिण्या येतात. आमचा वाडा जुना आहे, वायरिंगही जुनंच. या दोन्हीचा एकमेकांशी संबंध असेल का?

निळीकेबल (पुणे)

एचडीएमआय कुठे लावलीय? बोर्डात लावली असेल तर कार्डात लाव. रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हवी. आणि बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी वेगळी आठ पिनांची केबल असते, ती लावलीस का? ती राहिली तरी पंखे फिरतात, म्हणून कळत नाही.

शिवाय डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना मेमरी ट्रेनिंग करतं, म्हणजे बोर्ड रॅमशी आपला वेग जुळवून घेतो. तेवढा वेळ स्क्रीन काळी आणि डीरॅमचा दिवा चालू. पंधरा मिनिटं हात न लावता थांब.

गल्ली_नंबर_सात (सोलापूर)

एसएमपीएस बदला. ६५० वॅटमध्ये ४०६० आणि एवढा नवा प्रोसेसर चालत नाही. माझ्या मित्राचंही असंच झालं होतं, ८५० लावल्यावर चाललं.

कृष्णाकाठ

@निळीकेबल, एचडीएमआय कार्डातच आहे. रॅम दुसऱ्या-चौथ्यातच, मॅन्युअलमधलं चित्र बघून लावल्यात. आठ पिनांची केबलही आहे, तिच्या टोकावर सीपीयू असंच छापलंय. जेवण होईपर्यंत मशीन चालू ठेवून बघितलं, अर्धा तास सहज झाला असेल. तेच दोन दिवे, तसेच.

एसएमपीएस बदलायचा तर पुन्हा चार-पाच हजार घालावे लागतील, आणि त्यानंतरही नाही चाललं तर?

मल्टीमीटर (कराड)

ताई, एसएमपीएस विकत घेऊ नका आणि बोर्डही परत पाठवू नका. निदान आधी माझं सगळं वाचा.

पॉलिटेक्निकच्या हार्डवेअर लॅबमध्ये माझी बरीच वर्षं गेली. पोरं पहिलं मशीन जोडायची, चालू झालं नाही की तोंड उतरायचं, आणि पहिला विचार असायचा की आता कुठला पार्ट बदलू. पार्ट बदलत सुटलं की पैसा जातो, आणि कशाने चाललं ते शेवटपर्यंत कळत नाही. चालू न होणारं मशीन ठरलेल्या क्रमाने चालता चालता एका जागी थांबलेलं असतं. ती जागा शोधायची. वीज, मग प्रोसेसर, मग रॅम, मग डिस्प्ले, मग डिस्क, हा तो क्रम, आणि तुमच्या बोर्डावरचे चार दिवे त्याच क्रमाने तपासणी दाखवतात. पूर्वी हे काम बीपचं होतं. बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोट्या बीप आल्या की डिस्प्ले कार्ड काढून नीट बसवायचं, हे लॅबमधल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही पाठ असायचं. आता बोर्डाबरोबर स्पीकरच येत नाही, दिवे येतात.

वॅटचं आधी संपवतो. ९६००एक्स हा ६५ वॅट टीडीपीचा (म्हणजे कंपनीने छापलेल्या रेटिंगचा) प्रोसेसर. पूर्ण जोर लावला तरी तो ८८ वॅटच्या आसपास ओढतो. ४०६० कार्डाचं कंपनीने दिलेलं रेटिंग ११५ वॅट. बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी सगळं धरा, ६५० भरपूर झाले. आणि आत्ता तर मशीन काही कामच करत नाहीये, म्हणजे ओढ त्याहून कितीतरी कमी. वॅट कमी पडले तर गेम किंवा रेंडर चालू असताना मशीन बंद पडतं, या जागी अडकत नाही. सोलापूरच्या मित्रांच्या मशीनमध्ये एसएमपीएस बदलल्याने फरक पडला असेलही, पण तो जुना खराब होता म्हणून, ६५० चा होता म्हणून नव्हे.

आता तुमचे दिवे. नुसता डीरॅमचा दिवा असता तर मीही निळीकेबलसारखंच सांगितलं असतं, थांबा म्हणून. पण ट्रेनिंगला बसलेलं मशीन कधी ना कधी पुढे सरकतं, किंवा स्वतः बंद होऊन पुन्हा सुरू होतं. तुमचं अर्धा तास जागचं हललं नाही, आणि सीपीयूचा दिवासुद्धा लागलेला आहे. म्हणजे ते रॅमपर्यंत पोचलं की नाही, इथेच शंका आहे.

माझा संशय बायोसवर आहे. बी६५० चे बोर्ड २०२२ च्या ऑक्टोबरात आले. ९६००एक्स आला २०२४ च्या ऑगस्टमध्ये. सॉकेट एकच, एएम५, त्यामुळे प्रोसेसर व्यवस्थित बसतो, पंखेही फिरतात. पण बोर्डावरच्या चिपमधला बायोस त्या तारखेच्या बराच आधीचा असेल तर तो या प्रोसेसरला ओळखतच नाही. दुकानात बोर्ड वर्ष-दीड वर्ष पडून राहतो आणि आपल्या हातात नवा म्हणून येतो. यात बोर्डही चांगला असतो आणि प्रोसेसरही. एएम४ च्या काळातही हे झालं होतं. २०१८ मध्ये नवे रायझन जुन्या बोर्डांवर सुरू होईनात, तेव्हा एएमडीने लोकांना बायोस अपडेट करण्यापुरते प्रोसेसर उसने पाठवले होते. एकच सॉकेट वर्षानुवर्षं चालवतात हे ग्राहकाच्या फायद्याचंच आहे, फक्त पहिल्यांदा जोडणाऱ्याला ही गोष्ट कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. किती चांगले बोर्ड उगाच परत जातात.

तर आज एवढंच करा. बोर्डाच्या खोक्यावर ‘रायझन ९००० रेडी’ अशा अर्थाचं स्टिकर आहे का बघा. मग बोर्डावरचं बारीक स्टिकर शोधा, चोवीस पिनांच्या कनेक्टरच्या अंगावर किंवा बायोसच्या चिपवर, त्यावर बऱ्याचदा आवृत्तीचा आकडा असतो. आणि कंपनीच्या साइटवर तुमच्याच मॉडेलच्या पानावर प्रोसेसरची यादी उघडा. ९६००एक्स समोर कोणत्या बायोसपासून चालतो ते लिहिलेलं असेल. दोन्ही आकडे इथे टाका.

खात्रीसाठी मशीन उघडं करून बघायचं असेल तर बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. वर फक्त प्रोसेसर, कूलर आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये एकच रॅम. ग्राफिक्स कार्ड काढा, ९६००एक्स मध्ये साधं ग्राफिक्स आतच आहे, तेव्हा एचडीएमआय बोर्डात लावा. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की सुरू होतं. बाहेर चाललं आणि आत नाही, असं झालं तर कॅबिनेटमध्ये एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा खुंटा) नको त्या जागी बोर्डाला टेकतोय असं समजायचं. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहीत जा. प्रोसेसर मात्र उगाच काढू नका. एएम५ च्या पिना सॉकेटमध्ये असतात, केसाइतक्या बारीक, आणि एक वाकली तरी वॉरंटीवाले हात वर करतात. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण टाकून दिलं नसेल तर जपून ठेवा, बोर्ड परत द्यायची वेळ आली तर ते लागतं.

झिणझिण्यांचं वेगळं प्रकरण आहे. चालू न होण्याशी त्याचा संबंध नाही, पण तेही सोडून देण्यासारखं नाही. बेळगावचे आमचे मित्र इथे असतात, वायरिंगमध्ये त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.

खटका (बेळगाव)

आलो. तुमच्या बोर्डाला अर्थिंग नाही. म्हणजे भिंतीवरच्या बोर्डाला म्हणतोय, मदरबोर्डाला नव्हे.

एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे एकेक लहान कपॅसिटर जोडलेला असतोय. विजेतली घाण अर्थमध्ये सोडायचं काम त्यांचं. अर्थच नसला की पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर साधारण निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दिसतंय. करंट फार थोडा असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. टेस्टर टेकवा, मंद पेटेल.

मल्टीमीटर असेल तर एसीवर ठेवून वायरमनकडून मोजून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थही तेवढंच यायला पाहिजे. न्यूट्रल-अर्थ शून्याजवळ, एक-दोन व्होल्ट चालतंय. फेज-अर्थला भलताच आकडा आला तर वरच्या जाड पिनेत वायरच नाही, किंवा वायर आहे आणि ती कुठेच जात नाही. जुन्या घरांत दोन्ही बघितलंय मी.

आता हे नीट ऐका. काही वायरमन आळस करून सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ वायरीच्या तुकड्याने जोडून देतात. झिणझिण्या जातात, घरातले खूश. पण पुढेमागे कुठेतरी न्यूट्रल तुटला की २३० व्होल्ट सरळ तुमच्या कॅबिनेटवर येतोय. असं कुणाला करू देऊ नका, पाया पडतो. खड्डा काढून प्लेट किंवा पाइप घालून अर्थिंग करा, तिथून वायर ओढून घ्या, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. वाड्याला मागे परस असेल तर जागेचा प्रश्नच नाही. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालत जा.

आणि अर्थिंग होईस्तोवर आत हात घालताना प्लग काढूनच घाला. प्लग लावून एसएमपीएसच्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक जाते, असं नेटवर सांगतात, ते अर्थिंग असलेल्या घरापुरतं आहे.

कृष्णाकाठ

दोघांनाही मनापासून धन्यवाद. वायरमनला बोलावलंय, मागे विहिरीजवळ जागा आहे. तुकडा जोडू देणार नाही, आत्ताच सांगून ठेवलंय त्याला.

खोक्यावर ९००० चं काहीच नाही, ७००० चं स्टिकर आहे. चोवीस पिनांच्या कनेक्टरच्या बाजूला स्टिकर मिळालं. साइटवरच्या यादीशी ताडून बघितलं तर तो बायोस २०२३ मधला निघाला, आणि ९६००एक्स साठी २०२४ मधला किंवा त्यानंतरचा हवा असं लिहिलंय. बोर्ड खोक्यावर काढून एका रॅमवरही बघितलं. तेच दोन दिवे.

काका, म्हणजे तुमचं बरोबर निघालं. पण आता बायोस अपडेट करायचा तर स्क्रीन लागेल ना? आणि स्क्रीन यायला अपडेट लागेल.

मल्टीमीटर

बोर्डाच्या मागे, यूएसबीच्या जागांजवळ एक बारीक बटण आहे का बघा. ‘फ्लॅश बायोस’, ‘बायोस फ्लॅशबॅक’ किंवा ‘क्यू-फ्लॅश प्लस’ असं काहीतरी लिहिलेलं असेल. असेल तर स्क्रीन नको, रॅम नको, प्रोसेसरसुद्धा नसला तरी चालतं. बोर्ड स्वतःच पेनड्राइव्ह वाचून चिप लिहितो. स्वस्त बोर्डांवर हे बटण कधीकधी नसतं, तेव्हा मग ७००० मालिकेतला प्रोसेसर कुणाकडून तरी तात्पुरता आणावा लागतो.

पेनड्राइव्ह ३२ जीबीचा किंवा त्याहून लहान घ्या, जुना साधा असला तर उत्तम. लॅपटॉपवर फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. तुमच्याच मॉडेलचा बायोस उतरवा. मॉडेलच्या नावात एक अक्षर वेगळं असलं तरी तो बोर्ड वेगळा, हे तीनदा ताडून बघा. झिप उघडून आतली फाइल बाहेर काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलंय तेच नाव तिला द्या. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं. फाइल कुठल्याही फोल्डरमध्ये घालायची नाही.

बोर्डाला चोवीस पिनांची आणि आठ पिनांची, दोन्ही केबल लावा. मशीन बंद, पण एसएमपीएसचा मागचा खटका चालू. पेनड्राइव्ह ठरवून दिलेल्या पोर्टमध्येच, त्याभोवती चौकट किंवा नाव असतं. बटण दाबा, काही बोर्डांना तीन सेकंद दाबून धरावं लागतं. दिवा लुकलुकायला लागला की काम सुरू झालं. पाच-सात मिनिटं लागतात. दिवा थांबेपर्यंत काहीही काढायचं नाही.

यात वीज गेली तर पंचाईत, म्हणून इन्व्हर्टरवर करा, आणि तुमच्याकडे ज्या वारी देखभालीसाठी लाइट जाते तो वार टाळा. तरी गेलीच, तर घाबरू नका. असल्या बटणाच्या बोर्डाला बहुतेक वेळा तेच काम पुन्हा पहिल्यापासून करता येतं.

नंतर एक रॅम लावून सुरू करा. आता मात्र निळीकेबलने सांगितलेलं खरं ट्रेनिंग होईल. सीपीयूचा दिवा जाईल, डीरॅमचा राहील. पाच मिनिटं, दहा मिनिटं, थांबायचं. मधेच बंद केलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

निळीकेबल

नाव बदलताना आधी विंडोजमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ दिसतील असं कर. नाहीतर शेवटचं एक्स्टेन्शन लपलेलं राहतं, तू टाइप करतेस ते त्याच्या आधी जातं आणि फाइलच्या नावाला दोन शेपट्या होतात. मग दिवा दोन-तीनदा लुकलुकून बंद पडतो आणि माणूस समजतो बोर्ड गेला.

कृष्णाकाठ

झालं!! स्क्रीन आली!

निळीकेबल, दोन शेपट्यांचं तू सांगितलं नसतंस तर मी तिथेच बसले असते. दिवा बराच वेळ लुकलुकला आणि थांबला. मग एक रॅम लावून सुरू केलं. सीपीयूचा लाल दिवा लागला आणि गेला. पिवळा तसाच. आई म्हणाली बंद कर, तापेल ते, मी म्हटलं काकांनी थांबायला सांगितलंय. आणि मॉनिटरवर एकदम कंपनीचं चिन्ह आलं, बायोस उघडला, प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहिलेलं. तापमान ४२ अंश.

मग दुसरी रॅम, मग कॅबिनेटमध्ये बसवणं, मग ग्राफिक्स कार्ड, प्रत्येक वेळी सुरू करून बघितलं आणि वहीत लिहिलं. दुसरी रॅम लावल्यावर परत थोडा वेळ काळं राहिलं, पण आता माहीत होतं. सुरू झालं की दरवेळी सरळ बायोसमध्येच जातंय, ते एसएसडी कोरी आहे म्हणूनच ना?

मल्टीमीटर

शाब्बास! हो, कोरी आहे म्हणूनच, तो बिघाड नव्हे. लॅपटॉपवर विंडोजचा इन्स्टॉलर बनवून पेनड्राइव्ह लावा. बोर्डाच्या लॅन आणि वाय-फायचे ड्रायव्हरही त्यातच टाकून ठेवा, विंडोज ११ सुरुवातीलाच इंटरनेट मागतं आणि नव्या बोर्डाचं वाय-फाय त्याला बऱ्याचदा दिसत नाही.

दुकानदाराला मात्र शांतपणे फोन करून सांगा की बोर्ड चांगला आहे, बायोस जुना होता. त्याच्याकडे त्याच लॉटचे अजून बोर्ड असतील. पुढच्या गिऱ्हाइकाला तो आधीच अपडेट करून देईल.

कृष्णाकाठ

दुकानदाराशी बोलले. त्याने मॉडेलचं नाव आणि आवृत्ती लिहून घेतली. अर्थिंगही झालं. फेज-अर्थ २३२, न्यूट्रल-अर्थ दीडच्या आत, झिणझिण्या गेल्या.

विंडोज चढलं. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग ४८०० दाखवतोय, मी तर ६००० ची घेतली होती. चुकीची रॅम आली का?

मल्टीमीटर

रॅम बरोबरच आहे. कुठलीही डीडीआर५ आधी सावध वेगाने सुरू होते, ६००० हा आकडा आपण मागितल्यावर मिळतो. बायोसमध्ये एक्सपो नावाचं, रॅमला तिचा छापील वेग देणारं सेटिंग असेल, त्यात ६००० ची प्रोफाइल निवडून सेव्ह करा. पुन्हा ट्रेनिंग होईल, पुन्हा पिवळा दिवा, थांबायचं. एखाद्या मशीनला ते झेपत नाही, आणि स्क्रीन येतच नाही. तसं झालं तर प्लग काढून मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा, किंवा ती गोल सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटं काढून ठेवा. मशीन ४८०० वर परत येईल.

६००० वर सुरू झालं तरी लगेच गिऱ्हाइकाचं काम त्यावर टाकू नका. आधी रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवा, मग जुन्या एखाद्या लग्नाची पूर्ण फाइल रेंडरला लावा. मेमटेस्टमध्ये एक जरी लाल ओळ आली तर ५६०० वर आणा. एडिटिंगमध्ये तेवढा फरक तुम्हाला जाणवणारही नाही.